चेकचं कूळ

रोल्यातल्या आमच्या खोलीचं भाडं सहा चेकांत जायचं.
सहाही एकदम लिहायचे, पुढच्या तारखा टाकून,
म्हणजे अजून न उगवलेल्या महिन्यांवर
आजच सही.
हे काम माझं. हिशेबनिसाचं अक्षर चांगलं असतं
असा खोलीतल्या बाकी पाचजणांचा समज.

तेव्हापासून मी या शब्दाला वचकून आहे.

सकाळी गेटवर चेक: बूट, हेल्मेट, कार्ड.
दोन वर्षांनी रक्ताचं चेकअप, छातीचा फोटो,
व्हिसा फुप्फुसांतून जातो.
विश्राम खोबरेकरचा बाहेर जायचा एकुलता शर्ट
निळ्या चेक्सचा.
एक शब्द, आणि किती घरी जेवतो!

नाखवा यादुल्ला खाडीवर भेटायचा.
इकडून टायर न्यायचा, तिकडून पिस्ते आणायचा.
नाखवा हा शब्द आम्ही दोघांनीही घरून आणलेला,
त्यानं लेंगे बंदरातून, मी हर्णैहून,
त्यामुळे ओळख करून घ्यावी लागली नाही.
शुक्रवारी खोक्यावर पट मांडायचा
आणि माझ्या राजाला भिडला की हळूच म्हणायचा,
"कीश."
झोपलेल्याला उठवावं तसं.
(कीश नावाचं बेटही आहे पलीकडे.
व्हिसा संपलेली माणसं तिथं बसून
नव्या कागदाची वाट बघायची.)
मी म्हणायचो, "शह."
तो हसायचा. शाह म्हणजे तर राजा.
राजालाच हाक मारतोस?

हाकच होती ती.
ऑफिसातल्या जाड कोशात नंतर सापडलं.
राजा, सांभाळ! एवढंच म्हणायचं असे.
पट आपल्याकडून इराणात गेला, तिथून अरबांकडे,
अरबांकडून फिरंग्यांत, हाक त्याच्या पाठोपाठ.
फ्रेंचांनी ती तोंडात घोळवली,
इंग्रजांच्या दारात पोचेतो शाहचा चेक झाला.
चेक म्हणजे अडवणं.
मग अडवून बघणं, मग बघितल्याची खूण.
पटासारखं चौकड्यांचं कापड,
त्या कापडावर राजाच्या खजिन्याचा हिशेब.
आणि लबाडीला अडवायला
मागे ठेवलेली कागदाची पट्टी,
तिचं नाव पुढे सगळ्या कागदालाच पडलं.
असा इराणचा राजा
रोल्यात आमच्या भाड्याला आला.
मराठीत कूळ म्हणजे वंश, कूळ म्हणजे कसणारा,
आमच्याकडचेही शब्द दाटीवाटीनंच राहतात.

वठणं घ्या.
झाड वठलं तर मेलं.
चेक वठला तर माणूस वाचला.

विश्रामचा वठला नाही.
कंपनीला टाळं लागलं, आणि कर्जापोटी दिलेला
कोरा चेक बँकेनं भरून टाकला.
त्याबद्दल आत जावं लागायचं ते दिवस.
त्याला कुणी कीश म्हटलं नाही.
बॅग वजनात बसली, खिडकीची जागा मिळाली,
काचेमागच्या पोरानं पासपोर्ट उघडला,
पडद्याकडे बघितलं, आणि अगदी सभ्यपणे
"बसा" म्हणाला.

यादुल्लाला सांगितलं तेव्हा त्यानं
सोंगट्या दुधाच्या डब्यात भरल्या. खेळला नाही.
मी विचारलं, मात म्हणजे मेला ना?
अरब तसं म्हणतात, तो म्हणाला.
आमच्यात मेला नाही,
काही सुचेनासा झाला.

तिसऱ्या महिन्यात भेट मिळाली.
वहीत माझ्या नावापुढे खूण झाली.
जाळीपलीकडून विश्रामनं पहिलं विचारलं,
भाडं गेलं का?
गेलं, म्हटलं. पाचवा वठला.
मग बराच वेळ तो बोटं मोजत बसला, आणि म्हणाला,
निघायच्या घाईत शर्ट गच्चीवर राहिला बघ,
निळा.
दोरीवर आहे अजून?

आहे, म्हटलं.
उन्हानं चौकड्या जरा उडाल्यात.