दीडशे फिल्स

फरवानियाचा सिग्नल नव्वद सेकंदांचा.
तेवढ्यात मोफिझुल सात गाड्या करतो,
गार बाटली शंभर फिल्स.

परवा सुट्टीच्या दिवशी
मी पाव दिनार दिला.
तो सुटे चाचपतोय तोवर सिग्नल सुटला,
मागून हॉर्न. निघालो.

आज मी बलदियाच्या गाडीवर.
चौकापासून शंभर मीटर विक्री बंद.
मुतलक साहेब बाटल्या मोजून लिहितात,
मी खोका उचलतो,
बर्फाचं पाणी कोपरापर्यंत ओघळतं.
नियम चुकीचा नाही म्हणा,
इथेच रमजानात एकाचा पाय गेला.

मोफिझुल वाद घालत नाही.
अंगठा उठवतो,
शाई लुंगीला पुसतो,
मग माझ्या खिडकीशी येऊन
मोजून दीडशे फिल्स ठेवतो:
“भाई, उस दिन का.”

सिग्नल लाल.
अजून एकसष्ट सेकंद
माझा हात
खिडकीबाहेर, उघडाच.