पंचनामा

बंधाऱ्याला बरगे घातलेले, पाणी तुंबलेलं,
आणि बरग्यांना लागून
हातभर रुंद पांढरी पट्टी. पोटं वर.

साहेबांनी रुमाल नाकाला लावला.
मी लिहिलं : पाण्यास उग्र वास.
रंगाच्या रकान्यापाशी अडलो.
चहाचा म्हणावा, का काकवीचा?
'तपकिरी' लिहून मोकळा झालो.

पंच पाच पाहिजेत.
मोटर बघायला आलेला वायरमन, त्याचा मेहुणा,
आणि दोन पोरं, बादल्या पाठीमागं लपवणारी,
वय विचारल्यावर अठरा म्हणाली.
पाचवी बायाक्का भोई. बसली होती, उठली नाही.

"मृत मासे, अंदाजे?" साहेब म्हणाले.
"अंदाज कशाला? नावं लिव्हा की."
काठीनं एकेक उलटत गेली,
प्रेताची ओळख पटवायला बोलावल्यासारखी.
"ही मरळ. पिल्लं तोंडापुढं घेऊन हिंडती.
ही वाम. हिला धरायला हाताला राख लागती.
ह्यो शिंगटा, मेला तरी काटा उभाच.
आणि ही चिलापी.
ही कुठली मरायला? ही मोरीत जगती.
हीबी मेली म्हंजे बघा."

मी लिहीत होतो.
छापील रकाना एकच : जलचर.

मग ती थांबली. पट्टीवरनं नजर फिरवली
या काठापासून त्या काठापर्यंत.
"खडस? आंबळी?"
वायरमन खाली बघायला लागला.
"मेल्यातबी न्हाईत."

साहेब शिकलेले. म्हणाले, पाच नद्यांची ही पंचगंगा.
बायाक्कानं बोटं मिटली :
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.
"पाचवी सरस्वती. ती दिसत न्हाई."
अंगठा तसाच उभा राहिला.

त्यालाच मी शाई लावली.
कागदावर उठला, थोडा फाकला.
सवयीनं ती धुवायला पाण्याकडं वाकली,
वाकलेलीच राहिली जराशी,
मग लुगड्याला पुसला.

दोन बाटल्या भरल्या, लाख वितळवून मोहोर लावली.
जीप चालू झाली
तेव्हा धाकट्या पोराच्या बादलीत
काहीतरी वाजलं. दोनदा.
साहेबांनी काच वर घेतली.

बायाक्का मात्र वळली, पोराला म्हणाली,
"कोण हाय रं त्यात?"