वाळिंबे, बोगदा क्रमांक तीन

शनिवारी तीनला निघाले तेव्हा
उन्हाला काही धंदा उरला नव्हता.
नुसतं पडून होतं मक्याच्या धसकटांवर
सुट्टी संपत आलेल्या पोरासारखं.

सायकल जुनी. वीस डॉलरला घेतली,
गोठ्याच्या दारात मोडक्या खुर्च्यांशेजारी उभी होती.
सीट माझ्या मापाची झालीच नाही कधी,
घंटी मात्र अशी की गाई वळून बघतात.
अंगात केशरी बंडी.
चीजच्या कारखान्यातली डोलोरेस म्हणाली, घाल गं,
शिकारीचा मोसम तोंडावर आलाय
आणि आमच्या पुरुषांना चष्मे आवडत नाहीत.

पूर्वी इथून रेल्वे जायची.
रूळ गेले. चुनखडीची बारीक खडी राहिली,
चाकाखाली भाजक्या पोह्यांसारखी वाजते.
चढ असा हळू
की मांड्यांनाच कळतो, डोळ्यांना नाही.

ओकची पानं अजून फांदी धरून,
वाळलेली, खाकी, हट्टी.
बाकीची झाडं हिशेब मिटवून मोकळी.
कुंपणाशी आपल्या रुईची कुणी लांबची बहीण
बोंडं उकलून उभी होती.
म्हाताऱ्या सुटत होत्या एकेक.
एक माझ्या बाहीला चिकटली, मैलभर आली,
मग न सांगता उतरून गेली.

फाटकाशी टेबलावर भोपळे,
शेजारी कॉफीचा डबा, झाकणाला चीर.
माणूस नाही.
दोन डॉलर टाकले, तरी इकडेतिकडे पाहिलं
चोरी केल्यासारखं.
भोपळा कॅरियरला बांधला, ओढणीनं.

बोगद्याशी पाटी: उतरा, चालत जा.
उतरले.
आत पाऊण मैल काळोख.
छताचं पाणी नेमकं मानेवर,
टॉर्चचा उजेड दहा पावलांत दमायचा.
फ्रीव्हीलची टिकटिक तेवढी पुढे चालायची.

मधोमध थांबले.
दोन्ही तोंडं पावलीएवढी.
कुणी नव्हतं, म्हणून नाव घेतलं स्वतःचं,
आडनाव, पूर्ण घसा लावून.

अकरा वर्षं झाली विस्कॉन्सिनात.
बँकेत वॅलिम्बी, दवाखान्यात व्हालिंब,
पगाराच्या चिठ्ठीवर एक अक्षर कमीच.
मीसुद्धा फोनवर आता ल म्हणते, वेळ वाचतो.
बोगदा म्हणाला, वाळिंबे.
ळसकट.
जीभ मागे दुमडून, सावकाश,
ळिंबे... ळिंबे...
दगडाला जमलं.

पलीकडे लाकडी दारं, दोन पुरुष उंच,
आणि एक म्हातारा, हातात साखळी.
कोटावर नाव: टॉर्गरसन.
"आत अजून कितीजण?"
एकटीच, म्हटलं.
"आवाज तर बऱ्याच जणांचा आला."
बर्फाआधी दारं लावतात,
नाहीतर पाणी गोठून दगड फोडतं.
आता एप्रिलला उघडायची.
त्या टोकाला त्याचा मुलगा,
एव्हाना कुलूप घालून घरी गेला असेल.

माझी गाडी त्याच टोकाला.
तो हसला नाही. पिकअपकडे बोट केलं.
मी टेकडीकडे.

वरचा रस्ता डांबरी, चढ खराखुरा.
अर्ध्यात उतरले, ढकलत नेली.
भोपळा दोनदा सुटला.
दुसऱ्यांदा घरंगळत निघाला तेव्हा
त्याच्यामागे धावले,
केशरी भोपळा पुढे, केशरी बंडी मागे,
त्रेपन्न वर्षांची बाई.
क्रौंच चालले होते दक्षिणेला,
घशात रिकामे डबे वाजवत.

माथ्यावर दम खात उभी राहिले.
पायाखाली कुठेतरी तो काळोख,
दोन्ही दारं लागलेली.
ठिबकत असेल.
ओरडून बघावं वाटलं. पण तिथे एक घर होतं,
खिडकीत दिवा, कुत्रं आधीच उठलेलं.
घंटी वाजवली, एकदाच,
आणि उतार धरला
दोन्ही ब्रेक आवळून,
तोंडातल्या तोंडात ळ घोळवत.