गोड वास

फेब्रुवारीची पहाट. पेनसिल्व्हेनियात यंदा थंडी लांबली.
बर्फात घोडागाडीच्या चाकांनी पाडलेल्या दोन रेघा,
त्यांच्यावरूनच मी माझी मोटार हळू नेते.

आयझॅक नोल्टच्या घरी वीज नाही.
रॉकेलचा दिवा, चुलीवर पातेलं,
आणि आतल्या खोलीत
अठरा तासांची एक मुलगी,
जिचं नाव अजून ठरायचंय.

लोविना उशीला टेकून बसलीय. चौथं बाळंतपण.
मी पोट चाचपते : गर्भाशय नीट आवळतंय.
अंगावरचं जाणं बघते, पायांवर सूज नाही.
मग हात चुलीशी धरून ऊन करते
आणि पोरीला मांडीवर घेते.
पिते? पिते.
रडली? रात्रभर.
माझं बोट घट्ट धरते. सगळं जिथल्या तिथे.

आता ते काम, ज्यासाठी मी एवढ्या लवकर निघाले :
काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा
तिच्या कानात अलगद फिरवायचा
आणि हुंगायचा.

आईला नववं मूल झालं तेव्हा मी सात वर्षांची होते.
अमोस.
त्याच्या लंगोटांना मेपलच्या पाकाचा वास यायचा,
मार्चात शेडमध्ये झाडांचा रस आटवतात ना, तस्सा.
आई म्हणायची, पोर नुसतं दिसायला गोड नाही.
मी त्याच्या मानेत तोंड खुपसून हुंगायचे.
पाचव्या दिवशी त्यानं पिणं सोडलं.
मग पाठीची कमान झाली,
मग पाय असे हलायला लागले, जणू
सायकलवरून कुठेतरी लवकर पोचायचंय.
बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर
बाबांनी दोन तारखा एकाच पानात लिहिल्या, नऊ दिवसांच्या अंतरानं.
त्यानंतर आईनं पाकाला हात लावला नाही.
आम्ही विचारलं नाही.

बोळा नाकाशी धरते.
लोकर. दूध. माझ्याच हातांचा साबण.
आणि या सगळ्यांच्या खाली,
शेताच्या पलीकडून यावा तसा...

लोविना माझ्या डोळ्यांत बघत नाही.
माझ्या नाकपुड्यांकडे बघते.

टाचेतून रक्त घेते, कागदावरची वर्तुळं भरते.
सांगते : पक्कं रक्तच सांगेल, पण थांबायचं नाही.
कपडे भरा. माझ्या गाडीतून. चाळीस मिनिटं.
तिथे डब्यातलं दूध आहे; हिला जे पचत नाही
तेवढंच त्यातून काढलेलं.
"आणि माझं?"
"थोडं. मोजून. आत्ता लगेच नाही."
ती पदर नसलेल्या छातीवर दोन्ही हात ठेवते.

सासू दारात उभी. "हे आलं कुठून?
नोल्टांत असलं कधी नव्हतं."
"लोविना माहेरचीही नोल्टच ना," मी म्हणते.
शिवणाच्या डब्यातून चार बटणं काढते,
दोन पांढरी, दोन काळी.
आयझॅकच्या मुठीत एक काळं, एक पांढरं.
लोविनाच्या मुठीतही तसंच.
दोघांनी न बघता एकेक द्यायचं.
दोन्ही काळी पडली तर.
लोविना विचारते, "तिघं धडधाकट झाली,
म्हणून आता हिची पाळी?"
"पाळी नसते. बटणांना आठवत नाही."

माझ्याही मुठीत एक काळं असेल.
मी कधी तपासलं नाही. लग्न केलं नाही,
हे त्याचं कारण नव्हतं, असं मी सांगते.

आयझॅक पोरीला शालीत गुंडाळतो, चुकीचं,
पुन्हा गुंडाळतो.
सासू न बोलता तळघरात उतरते.
मला वाटलं, प्रार्थनेला.
ती वर येते कोबीचा गड्डा घेऊन,
एकेक पान सोलून फडक्यात बांधते,
लोविनाच्या हातात देते.
"थंड आहेत. आत लाव.
परवापर्यंत दूध चढेल, दुखेल फार."