दोन विटा

आधी वाटलं मुंगळा चावला.
नडगीवर लाल गाठ, सुपारीएवढी,
हात लावला तर चटका.
मग दुसरी. मग उजव्या पायावर तीन.
आणि मागे नस फुगून
घोट्यापासून गुडघ्यामागे निळी निळी चढलेली,
कुंपणावर वेल चढते तशी, न विचारता.

वरुडच्या शेडमध्ये मृग बहाराचा माल.
सकाळी आठपासून उभं.
मोठा इकडे, मध्यम तिकडे, चिल्लर खाली.
सातवा महिना. पोट टेबलाला टेकायचं
म्हणून मी तिरपी उभी राहायची.

बेबीताई म्हणाली, उष्णता आहे.
शेजारची म्हणाली, नजर.
सासूने हळद थापली, जाड,
डिंक्या लागलेल्या बुंध्याला
सासरे बोर्डोमलम लावतात तशी.
झाड तरी उभं राहायलाच जन्मतं.

उईके सिस्टरने अंगठ्याने दाबलं.
"दुखते?"
"दुखते ना बाई."
डॉक्टरीणबाईने टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या,
खोकला येतो का विचारलं, रक्त काढलं.
म्हणाली, गाठी बसतील हळूहळू,
पण नसेवर लक्ष ठेव.
एकच पाय अचानक सुजला, तापला, दम लागला,
तर सकाळची वाट पाहू नको, निघ.
आणि झोपताना पाय वर.

पाय वर कुठे करणार?
खोली एक, भिंतीला देव.
खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा सरकवल्या
तर तळवे थेट महादेवाकडे.
सासरे दारात उभे राहून बघत राहिले.
खाट उलटी फिरवून पाहिली,
तर पाय आले रस्त्याकडे.
पुन्हा होती तशी केली.
मग देवच उचलले,
पितळेचे, चारच,
आणि ज्वारीच्या कोठीवर नेऊन मांडले.
बोलले काहीच नाहीत.

रात्री डोकं खाली, पाय वर.
घर तिरपं दिसत होतं,
आढं घसरल्यासारखं,
आणि आतलं पोट्टं उताराला लागून
बरगडीत लाथा मारत होतं.

सगळे झोपल्यावर सासू आली.
लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.
मी मोबाइलचा उजेड धरला.
जांभळ्या, पिळलेल्या, दोरीच्या गाठींसारख्या.
"हे तुह्या नवऱ्याच्या वेळची," ती बोट ठेवून म्हणाली,
"हे सुशीची.
हे... जे राह्यली नाही, तिची."
उजेड जरा हलला. माझ्याच हातातून.

सकाळी अंगणात पाणी तापवायला गेले
तर चुलीच्या दोन विटा कमी होत्या,
आणि सासू अजून उठली नव्हती.