कस

पहिला ओरखडा पडला तेव्हा मी द्राक्ष काढत होते.
तासगावच्या बेदाणावाल्याला पाकिटावर घड हवा होता,
"जरा जिवंत वाटणारा",
आणि अकराव्या दुरुस्तीला, त्याच एका मण्याच्या कडेवर,
पेन खर्रकन बोललं.
बोटानं चाचपलं. लागला.
केसाएवढा, पण नखाला कळणारा.

टॅबलेट कराडहून आणलेला, वापरलेला,
बचत गटाचे हप्ते अजून चार बाकी.

मग सुरू झालं सोवळं.
सुहेल मोमीनच्या दुकानातून मोठा गार्ड कापून आणला,
एसटीच्या पासनं बुडबुडे कडेला हाकलले,
एक राहिलाच वरच्या कोपऱ्यात, माशाच्या डोळ्यासारखा.
त्या गुळगुळीत गार्डवर पेन असं घसरायचं
की विट्यात काढलेला देठ थेट खानापूर गाठायचा.
म्हणून वर ट्रेसिंग पेपर, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी.
त्यानं निब खाल्ली.
आठ दिवसांत ती तिरकी झिजली, छिन्नीसारखी,
कागद फाडून गार्डात उतरली.
वाचवायला घातलेलंच चावत होतं.

शेजारी ताराकाकूंचे माग,
सुताचं तूस खिडकीतून येऊन बसतं, दर तासाला.
तूस काही करत नाही.
त्यात दडलेला रस्त्याचा एक कण करतो.
म्हणून आधी फुंकर, मग ओला रुमाल, मग सुका,
मग बँडवाल्याच्या पोराकडून मागून आणलेला पांढरा हातमोजा,
करंगळी आणि अनामिका ठेवून बाकीची बोटं कापलेला.
मग काम. काम असेल तर.

आण्णा हे सगळं बाजेवरून बघत होते.
बावीस वर्षं सेलमला गलाईत काढलेली,
तेजाबानं बोटांचे ठसे गेलेले,
आधारच्या मशीनला ते अजून पटत नाहीत.
उठले, ट्रंकेतून फ्लॅनेलची पुरचुंडी आणली.
आत काळा दगड, साबणाच्या वडीएवढा.
"ह्याच्यावर कुणी चहाचा कप टेकला,
तर दिवसभर मी बोलायचो न्हाई त्याच्याशी.
रातीला पुसून उशाला घ्यायचा."
मी म्हटलं, पण आण्णा, ह्याच्यावर तर तुम्ही घासतच होता.
"मग? म्हणून तर जपायचा.
सोनं घासायचं तितं दुसरं काय घासू द्यायचं न्हाई."

संध्याकाळी गार्ड सोलून काढला, ट्यूबलाइटला धरला.
अकरा घड, एक म्हैस, हळदीच्या डब्याची वेलबुट्टी,
कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरवरल्या मिशा,
सगळं एकावर एक.
काहीच ओळखू येईना,
फक्त मधोमध, हात सारखा जातो तिथं,
पांढुरकं तळं साचलेलं.
आण्णांनी डोळे बारीक केले, जुन्या सवयीनं,
जणू आता टंच सांगणार.
सांगितला नाही.
"हितं लई फिरलीयास," एवढंच म्हणाले
आणि तो गार्ड घडी घालून
दगडाबरोबर पुरचुंडीत ठेवायला लागले.
प्लास्टिकची घडी काही बसेना. दोनदा उघडली आपोआप.

नवा गार्ड खरबरीत घेतलाय, कागदासारखा.
निब दर सोमवारी थोडी फिरवते,
म्हणजे एकाच अंगाला झिजत नाही.
खालचा पहिला ओरखडा आहे तिथंच आहे,
पेन त्यावरून जाताना अजून थोडं अडखळतं.

काल पाकीट दुकानात लागलेलं दिसलं.
घड बरा दिसतो, पिवळ्या बल्बखाली तर जिवंतही.
तो मणी शोधला.
नेमका त्याच्यावर
किमतीचा स्टिकर डकवलाय.
नखानं खरवडून बघावंसं वाटलं.
नाही खरवडलं.