कार्डावरच्या चार ओळी

चिटणीसांनी चित्र टेबलावर ठेवलं
आणि म्हणाले, चार ओळी लिहून द्या सर,
कार्ड छापायचंय, रविवारी पाहुणे येताहेत.

रावसाहेब उखाजी दौलत भदाणे.
पांझरेच्या फडांवर पाण्याचे तंटे तोडणारे.
शिसपेन्सिल. साल अठराशे एकाहत्तर.
चित्रकाराच्या जागी नुसती रेघ.

काच काढली. एक कोपरा कसरीनं खाल्लेला.
कागद एरंडोली असावा, बोटाला जाडसर लागतो,
उजेडाकडे धरला की आत गवताची काडी दिसते.

वाचनालयाच्या स्मरणिकेत आहे : करारी मुद्रा, भेदक नजर.
मी बत्तीस वर्षं साक्रीच्या शाळेत
एलिमेंट्रीच्या पोरांचे चुकलेले कान तपासले.
मला नजर दिसली नाही.
डोळे जेमतेम, दोन फिकट रेघा,
घाईत उरकलेल्या.

दिसली ती हनुवटी, तीही खालच्या बाजूनं.
नाकपुड्या दोन्ही, पूर्ण, काळ्या.
पगडीचा माथा नाहीच,
आणि गुडघे एवढे मोठे
की वरचा माणूस त्यांच्यावर आणून ठेवल्यासारखा.
शिकाऊ हात, प्रमाण चुकलं :
मीही लाल पेन्सिलीनं गोल केला असता.

मग जोड्यांशी आलो.
काय सांगू.
टाका न् टाका.
डाव्या टाचेला ठिगळ, त्याचा दोरा वेगळ्या पिळाचा,
चवड्यावर वाळलेला पाटातला गाळ.
इथं पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक काढलंय.
इथं घाई नाही.

दुपारी वीज गेलेली.
चिटणीसांना खुर्चीवर बसवलं, ओट्याच्या कडेला,
आणि स्वतः ओट्याखाली मातीत बसून पाहिलं.
त्यांच्या नाकपुड्या दिसल्या. गुडघे वाढले.
प्रमाण चुकलेलं नव्हतं.

शिपाई लोटन दारातून हसला,
"गुर्जी, खाले काब बठनात?"

म्हणजे तो सतरंजीवर नव्हता. ओट्यावरही नाही.
जिथं बाकीच्यांनी जोडे काढायचे, तिथं होता.
कोणी बसवला, की आपणहून बसला,
की तेवढीच जागा त्याची होती,
हे कागद सांगत नाही.
टाके त्याला इतके ओळखीचे कसे,
तेही मी ठरवणार नाही.
नाव सापडलेलं नाही; जात सापडायची घाई नाही.

एक राहिलंच.
उजव्या गुडघ्याशी पुसल्याचा डाग आहे,
भाकरीच्या गोळ्यानं पुसल्यासारखा.
तिरप्या उजेडात तिथं हात दिसतो, खाली आलेला,
पंजा उघडा.
नंतर कोणीतरी तो खोडून
वर, मुठीत, काठी दिली.

काही देत होते, की थांब म्हणत होते?
भिंग लावलं. चष्मा काढला, पुन्हा घातला.
बोटं चार आहेत.
अंगठा पुसून गेलाय,
आणि अंगठ्याशिवाय कळत नाही.

संध्याकाळी कार्डावर एवढंच लिहिलं :
काढणारा जमिनीवर बसला होता.
चिटणीस म्हणाले, चार हव्या होत्या.
त्यांनी करारी मुद्रा घातली, भेदक नजर घातली,
माझी ओळ सर्वांत खाली, बारीक अक्षरात.
चालेल. तिची जागा खालीच.

लोटन स्टुलावर चढला, खिळा ओठांत धरून,
किती वर, म्हणून मानेनंच विचारलं.
मी म्हटलं, जोडे डोळ्यांसमोर येतील एवढं.
त्यानं खिळा ओठांतून काढला.
"कोना डोया, गुर्जी?"